जर्दाळू रंगाची भिंत

दार उघडलं आणि आधी वास आला. कांजूरमार्गला वासाचं कुणाला नवल नाही. वारा कचऱ्याच्या डम्पिंगकडून असला की पाहुण्याला पाण्याच्या आधी ‘आज जरा जास्तच आहे’ असं सांगायची तिथली रीत आहे, आणि पाहुण्याने ‘छे, कुठे काय’ म्हणायची. पण हा वास तो नव्हता. हा तिखट होता, दिवाळीच्या आधी घराघरातून येतो तसला, ताज्या रंगाचा, आणि अनुपमा उंबऱ्यातच थांबली. तिच्या मागे यज्ञेश खांद्यावर ट्रायपॉड घेऊन उभा होता. तो उंच असल्यामुळे त्याला तिच्या डोक्यावरून आतलं सगळं दिसलं. “काकू,” तो हळूच म्हणाला, “वाट लागली.” फिल्मच्या वर्गात विद्यार्थ्यांनी एकमेकांना नावाने हाक मारायची असं पहिल्या दिवशी ठरलं होतं, कारण सिनेमात सगळे समान. यज्ञेश बोरिवलीचा, वय वर्षं वीस, आणि एरवी तो तिला अनुपमा म्हणायचा. काकू हे संबोधन तो भूक लागली किंवा संकट आलं तरच वापरत असे.

गेल्या रविवारी त्यांनी याच खोलीत शूटिंगचा पहिला दिवस केला तेव्हा भिंत हिरवी होती. म्हणजे कधी काळी हिरवी होती, नंतर नुसतीच होती. आता ती जर्दाळूच्या रंगाची झाली होती, गुळगुळीत, आणि तिच्यापुढे बनियनवर उभा असलेला तिचा धाकटा भाऊ दशरथ असा दिसत होता की पाठीमागे आरास करून गणपतीच बसवलाय. “बघतेस काय गो ताई, आत ये. हात लावू नको, खालचं अजून ओलं आहे.” मग त्याने एका दमात सगळं सांगितलं. पवईच्या ज्या टॉवरच्या लिफ्ट त्याच्या कंपनीकडे देखभालीला आहेत, तिथल्या लॉबीला हाच रंग मारलाय. डबा उरला होता, सेक्रेटरी म्हणाला घेऊन जा. अ‍ॅप्रिकॉट म्हणतात याला. रजा टाकून स्वतःच्या हाताने मारला. आधी पुट्टी, मग प्रायमर, मग रंग. “कुंदा म्हणाली एकच हात मार, कोण बघतंय. मी म्हटलं नाय, कॅमेरा सगळा बघता.” त्याची बायको कुंदा आतून म्हणाली, “ताई, चहात रंग लागला तर सांगा हां, दोन दिवस आम्ही रंगच खातोय.” आणि मग दशरथ भिंतीच्या मधल्या भागाकडे बोट दाखवून, विजयी माणसाने आवाज मुद्दाम खाली आणावा तसा म्हणाला, “आणि तो डाग गेला बघ. मुळासकट. आता खुद्द बाबा इले तरी डाग पडूचो नाय.”

“छान झालंय,” अनुपमा म्हणाली. तिच्यावर संस्कारच तसे होते.

त्या डागासाठी ती आली होती, हे जगात कुणालाच माहीत नव्हतं, आणि आता सांगण्यात अर्थ नव्हता. विमा कंपनीच्या दावे विभागात तिने उभी हयात काढली होती. लोकांच्या चेपलेल्या गाड्यांचे फोटो बघून चेप अपघातातला की आधीचाच, हे ठरवणं हे तिचं काम. स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा निरोपसमारंभात साहेबांनी ‘यांची नजर’ या विषयावर भाषण केलं, आणि ते तिने नको तितकं मनावर घेतलं. मुलुंडला घरी बसून भाजी निवडण्यापेक्षा तिने मरोळच्या औद्योगिक वसाहतीत चालणाऱ्या फिल्म मेकिंगच्या वर्षभराच्या कोर्सला नाव घातलं. पूर्वी त्या गाळ्यात प्लास्टिकच्या बादल्या बनत. आता दिग्दर्शक बनतात. नवरा श्यामसुंदर एवढंच म्हणाला की योगासनांचा वर्ग खाली सोसायटीतच आहे. शिक्षक सौरभ सर तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्यांनी शेवटच्या सत्राला विषय दिला, ‘एका माणसाची एक जागा’, दहा मिनिटांचा माहितीपट. तिने लिहून दिलं की आपला भाऊ लिफ्ट मेकॅनिक आहे, दिवसभर टॉवरमध्ये वर-खाली करतो आणि संध्याकाळी एका बैठ्या खोलीत येऊन बसतो. सर खुर्चीतून उठलेच. “व्हर्टिकल आणि हॉरिझॉन्टल!” ते म्हणाले. तिला हे सुचलं नव्हतं, पण तिने नम्रपणे मान हलवली. तिला फक्त त्या भिंतीपर्यंत कॅमेरा न्यायचा होता.

बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा बिऱ्हाड परळहून कांजूरला आलं, आणि बाबा एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन झाले. ड्युटीवरून आले की ते दिवाणावर बसत, डोकं भिंतीला टेकत आणि डोळे मिटत. ते झोपलेले नसत. शाळेच्या निकालापासून रॉकेलपर्यंत सगळं त्यांना त्याच अवस्थेत सांगायचं असे आणि त्याच अवस्थेत ते ‘बरां’ म्हणत. डोक्याला खोबरेल थापलेलं. वर्षानुवर्षं ते डोकं त्याच जागी टेकलं आणि भिंतीने तेल पीत पीत एक डाग तयार केला, कडांना फिकट, मध्ये काळपट, ताटलीएवढा. लग्नकार्याला घराला डिस्टेंपर लागे तेव्हा तो डाग महिनाभर दडी मारी आणि मग सावकाश वर येई, ओळखीचं माणूस झोपेतून उठून बाहेरच्या खोलीत यावं तसा. बाबा गेल्यालाही आता कितीतरी वर्षं झाली होती. त्यांचे फोटो होते, पण फोटोत ते ताठ बसलेले, दुसऱ्याच कुणाच्या तरी बापासारखे. डाग मात्र अस्सल होता. कॅमेरा हातात आल्यापासून तिच्या मनात एकच शॉट होता. आधी नुसताच काळपट गोल, काय आहे कळू नये, मग कॅमेरा मागे मागे येतो आणि कळतं. बस. पुढे टाळ्या वाजल्या नसत्या तरी चाललं असतं.

आणि पहिल्या दिवशी तिने तो घेतला नव्हता. भावाच्या, भावजयीच्या आणि बोरिवलीच्या पोराच्या देखत ‘आता बाबांच्या डोक्याच्या तेलाचा क्लोजअप घेऊ’ असं कसं म्हणायचं? शब्द गळ्यापर्यंत आले आणि तिने ते चहाबरोबर गिळले. “डिटेल्स पुढच्या रविवारी घेऊ,” ती यज्ञेशला म्हणाली, जणू ही एक पद्धत आहे. पहिल्या भेटीत फोटो घेतला नाही म्हणून तिने आयुष्यभर सर्व्हेअरना फैलावर घेतलं होतं. “पुरावा तुमच्यासाठी थांबणार आहे का हो?” हे तिचं वाक्य ऑफिसात प्रसिद्ध होतं.

तर त्या दुसऱ्या रविवारी शूटिंग झालं. का झालं हे तिलाही सांगता आलं नसतं. यज्ञेशने दिवे लावले, दशरथच्या शर्टाच्या आत छोटा माइक अडकवला, आणि अनुपमा एकदा बिस्किटं आणायच्या निमित्ताने गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन, दुकानासमोर जरा वेळ उगाच उभी राहून परत आली. मग ती कॅमेऱ्याशेजारी स्टुलावर बसली आणि मान डोलवत राहिली. दशरथ बोलत होता. खूप बोलत होता. तिच्या कानावर आवाज पडत होता पण आत काही जात नव्हतं. ती त्या जर्दाळू रंगात डागाची जागा शोधत होती. स्विचबोर्डापासून किती, दिवाणापासून किती. लॉबी, ती मनात म्हणत होती, माझ्या बापाच्या डोक्यामागे आता लॉबी आहे. निघताना कुंदाने विचारलं, “कधी दाखवणार ताई? मोठ्या पडद्यावर ना? आम्ही सगळे येणार हां.” आणि दशरथ म्हणाला, “शेजारच्या मिथुनलापण आणतो. तो म्हणतो रंग फोटोत चांगला येत नाय. येऊन बघ म्हटलं.”

मरोळच्या गाळ्यात एडिटिंगच्या खोलीला खिडकी नव्हती, म्हणून तिथे दुपार की सकाळ ते कळत नसे, आणि अनुपमाला ते फार आवडू लागलं होतं. आपल्या वयाच्या बाईला इतकं एकटं कुणी सोडत नाही. घरी दूधवाला असतो, फोन असतो, श्यामसुंदर असतो. इथे कानावर हेडफोन चढवले की जग एका पट्टीवर येऊन बसतं, वर चित्र, खाली आवाज, आणि ते पुढे-मागे करता येतं. सुरुवातीला तिला कापायचीच भीती वाटायची. माणूस बोलताना मध्येच तोडायचं म्हणजे काय? तिच्या पहिल्या सरावाच्या फिल्ममध्ये प्रत्येक माणूस दारातून आत येई, चपला काढी, बसे, पाणी पिई आणि मग बोलू लागे. सर म्हणाले होते, “मॅडम, पाणी कट करू या.” आता तिला कळू लागलं होतं की कापणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. उलट, काय राखायचं ते ठरवावं लागतं, आणि तिथे खरी पंचाईत असते.

ती आधी पहिल्या दिवसाच्या चित्रणात डाग शोधू लागली. कुठेतरी, एखाद्या कोपऱ्यात, क्षणभर तरी तो स्पष्ट दिसत असेलच. रुंद शॉटमध्ये दशरथ त्याच्याच समोर बसलेला. बरं, बाजूने घेतलेल्या शॉटमध्ये? तिथेही दशरथचं डोकं. तो वाकला तेव्हा? वाकला तेव्हा त्याचा हात वर होता, कान खाजवत. तिला भावाचा राग येऊ लागला. लहानपणीही तो असाच फोटोत मध्ये यायचा. यज्ञेश शेजारी बसून चिप्स खात होता. “ग्रेडिंगमध्ये करू का?” तो म्हणाला. “डे टूची भिंत सिलेक्ट करायची आणि हिरवी करायची. झकास होईल.” त्याने करून दाखवलं. भिंत खरंच हिरवी झाली, पण भिंतीच्या रंगात आणि दशरथच्या कातडीच्या रंगात सॉफ्टवेअरला फारसा फरक वाटला नसावा, कारण दशरथही थोडा हिरवा झाला. भिंत पोपटी, भाऊ शेवाळी. “काविळीवर फिल्म आहे असं सांगू,” यज्ञेश म्हणाला. ती हसली आणि हसता हसता तिला एकदम वाटलं, हे मी करत होते. नवं नुकसान झाकायला जुनं नुकसान रंगवून दाखवत होते. ऑफिसात अशा दाव्यावर ती लाल शाईने काट मारायची.

सौरभ सर आले, दोन्ही दिवसांचे तुकडे उभ्या उभ्या पाहिले आणि निकाल दिला. “मॅडम, डे वन सोनं आहे. काय टेक्स्चर आहे त्या भिंतीला! पापुद्रे, ओल, काळ. डे टू म्हणजे पेंटची जाहिरात. फेकून द्या.”

“सर, पण तो येणार आहे बघायला. रंग बघायला येणार आहे.”

“मग? आपण सब्जेक्टसाठी फिल्म बनवत नाही.”

“मग कुणासाठी बनवतो?”

सरांनी घड्याळात बघितलं. ते म्हणाले, “सोमवारपर्यंत कट दाखवा.”

सर गेल्यावर तिने दुसऱ्या दिवसाचा आवाज लावला. चित्र नको, नुसता आवाज. भिंत दिसली की चीड येई म्हणून. आणि तिथे, तिच्या मते अजून काहीच सुरू झालं नव्हतं अशा जागी, भांड्यांचा आवाज आला, मग यज्ञेशचा, “अंकल, माइक चेक, काहीतरी बोला ना.” मग दशरथचा आवाज, अगदी कानात, कारण माइक छातीशी होता. “काय बोलू? ताई गेली का बाहेर? …भिंत बरी झाली ना रे? खरं सांग. तिला आवडली नाय बहुतेक. गेल्या वेळी ती सारखी त्या डागाकडे बघत होती. मी बोलतोय आणि ती बघतेय माझ्या डोक्याच्या मागे. मला कळलं ना. तुम्ही कॉलेजची पोरं, बाहेरची माणसं, तिला लाज वाटली असणार. मुलुंडला तिचं घर बघितलंस का? एकदम व्यवस्थित. म्हटलं ती पुढच्या वेळी येईपर्यंत डाग घालवायचाच.” यज्ञेश म्हणाला, “एक नंबर झालाय, अंकल.” मग दशरथ हसला, मग कुठेतरी दार वाजलं, मग तिचा स्वतःचाच आवाज आला, लांबून, “बिस्किटं कुणी खाणार का?”

तिने हेडफोन काढले. खोलीत एसीची घरघर होती. यज्ञेश मोबाइलमध्ये बघत होता, त्याला हा प्रसंग आठवणार नव्हता, आठवला तरी त्यात सांगण्यासारखं काय होतं? एका माणसाने रंग मारला आणि दुसऱ्याने चांगला आहे म्हटलं. तिने पहिला दिवस पुन्हा लावला, अगदी सुरुवातीपासून, आणि या वेळी भिंतीकडे न बघता भावाकडे बघितलं. तेव्हा तिला दिसलं. दशरथ कॅमेऱ्याकडे बघतच नव्हता. तो कॅमेऱ्याच्या जरा डावीकडे बघत होता, जिथे ती बसली होती, आणि तिची नजर जिकडे जाई तिकडे त्याचं डोकं जात होतं. कॅमेरा उजवीकडे सरकला की तो दिवाणावर बूड उचलून थोडा उजवीकडे. कॅमेरा वर उचलला की तो ताठ. बोलता बोलता, लिफ्टच्या दोराबद्दल सांगता सांगता, माणूस सगळा वेळ मानेने एक काम करत होता. तो डाग झाकत होता.

ती मान तिला ओळखीची वाटली. आधी मानेलाच ओळखीची वाटली, तिच्या स्वतःच्या, डाव्या बाजूला, कानाखाली जिथे आखडते तिथे. श्यामसुंदरचे आई-वडील मुलुंडहून तिला बघायला आले होते तेव्हा ती त्याच जागी बसली होती. कुणी सांगितलं नव्हतं. पोह्यांच्या बशा देऊन झाल्या आणि ती सरळ जाऊन दिवाणावर डागाच्या पुढे बसली, आणि सासूबाईंनी शिवणकाम येतं का, गाणं येतं का विचारलं तरी मान रेसभर हलू दिली नाही. सासूबाई नंतर अनेक वर्षं सांगत, मुलगी बघताक्षणी आवडली, किती स्थिर. बाबा त्या दिवशी शेजाऱ्यांकडून आणलेल्या खुर्चीत बसले होते, खुर्चीच्या हातांवर हात ठेवून, दुसऱ्याच्या घरी बसल्यासारखे. संध्याकाळी केस सोडताना तिला मागच्या बाजूला खोबरेलाचा वास आला होता, स्वतःच्या नव्हे, बाबांच्या. आणि दशरथ? शाळेच्या खाकी चड्डीत तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, कारण बसायला जागाच उरली नव्हती. तिथून त्याला सगळं दिसत होतं. ती काय झाकतेय तेही.

तिला रडू येईल असं वाटलं. आलं नाही. आलं ते हसू, एक लहानसं, नाकातून. एका बाईने डाग झाकला, तिच्या भावाने ते पाहून ठेवलं आणि इतक्या वर्षांनी तिच्या वतीने तो कायमचा झाकून टाकला, प्रायमर लावून. एवढी कामसू भावंडं असल्यावर बापाची आठवण राहणार कुठे?

मग तिने दुसरा दिवस लावला, चित्रासकट, आणि पहिल्यांदा ऐकला. दशरथ जर्दाळू भिंतीपुढे पाय वर घेऊन बसला होता. मान मोकळी, हात मोकळे. आणि तो बाबांबद्दल बोलत होता. पहिल्या दिवशीही त्याने सुरुवात केली होती, “बाबा एकदा माझ्या साइटवर आलेले,” आणि मग नजर तिच्याकडे, मग “जाऊ दे गो, चहा घे.” इथे तो गोष्ट पुरी सांगत होता. ती तेव्हा समोर स्टुलावर बसून मान डोलवत होती आणि तिने यातला एक शब्द ऐकला नव्हता. नोकरीला लागल्यावर त्याने बाबांना टॉवर दाखवायला नेलं. बाबा लिफ्टपाशी आले, आत वाकून बघितलं आणि म्हणाले, मी ह्या पेटीत बसूचंय नाय. जिन्याने निघाले. दशरथला काळजी, म्हणून तो लिफ्टमधून त्यांच्याबरोबर. प्रत्येक मजल्यावर लिफ्ट थांबवायची, दार उघडायचं, आणि जिन्याकडे बघून ओरडायचं, “बाबा, आलात काय?” खालून आवाज, “येतंय, तू हो फुडे.” पुन्हा दार बंद, पुन्हा पुढचा मजला, पुन्हा “आलात काय?” टॉवरमधली माणसं खाली लिफ्टची वाट बघत खोळंबली, सेक्रेटरीने इंटरकॉमवरून शिव्या घातल्या. शेवटी गच्ची. बाबा धापा टाकत आले, कठड्यापाशी उभे राहिले, पवईचं तळं, डोंगर, सगळं बघितलं आणि म्हणाले, “एवढ्या वरती रवान लोका करतत काय?” हे सांगून दशरथ इतका हसला की पडद्यावरची आवाजाची पट्टी लाल झाली. आवाज फुटला होता. तांत्रिकदृष्ट्या तो तुकडा टाकाऊ होता.

अनुपमाने तो पुन्हा लावला. तिला हे माहीतच नव्हतं. तिच्या आठवणीतले बाबा डोळे मिटून भिंतीला टेकलेले होते. जिना चढणारे, हट्टी, धापा टाकणारे बाबा दशरथकडे होते आणि ते त्या डागात नव्हते. क्लोजअप कितीही घेतला असता तरी नसते.

पुढचे दिवस तिने जे केलं त्याला कोर्सच्या भाषेत रफ कट म्हणतात. तिच्या भाषेत ते आयुष्यातलं सगळ्यात मजेचं काम होतं. फिल्म तिने हिरव्या भिंतीवर सुरू केली, आणि तिथे मुळीच कात्री लावली नाही. दशरथ बोलतोय, सरकतोय, ताठ होतोय, बघणाऱ्याला कळत नाही हा माणूस इतका अवघडलेला का. “बाबा एकदा माझ्या साइटवर आलेले,” तो म्हणतो, आणि तिथे, वाक्य आणि पुढचं वाक्य यांच्या मध्ये, तिने कापलं. पुढचं वाक्य जर्दाळू भिंतीपुढचं. आवाज जोडायला तिला तीन दिवस लागले. पहिल्या जोडात दशरथ उचकी लागल्यासारखा वाटे. दुसऱ्यात तो स्वतःलाच अडवल्यासारखा. श्वास कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते ऐकायला ती शिकली. माणसाचा हिरवा श्वास आणि जर्दाळू श्वास वेगळा असतो हे तिला कळलं, आणि हे कुणाला सांगावं तर वेड्यात काढतील हेही कळलं. तिने ते श्यामसुंदरला सांगितलं. तो पेपर खाली ठेवून म्हणाला, “दमलीस का गं?” मग थोड्या वेळाने, पेपरच्या मागून, “पण जमलं ना?”

“जमलं.”

सोमवारी सरांनी कट पाहिला. रंग बदलला तिथे ते पुढे झुकले. “जंप आहे,” ते म्हणाले.

“हो.”

“कंटिन्युइटीची चूक आहे, असं म्हणतील परीक्षक.”

“म्हणू देत.”

“एक कार्ड टाकू या? ‘दरम्यान घर रंगवलं गेलं’ वगैरे?”

“दिसतंय की सर. रंगवलं ते दिसतंय.”

सरांनी पट्टी पुढे सरकवली. मग म्हणाले, “आणि तो फुटलेला आवाज? ते हसणं?”

“ते राहू दे.”

“मॅडम, टेक्निकली…”

“सर, मी तुमचं सगळं ऐकते. पाणीसुद्धा कापलं. हे नाही कापणार.” ती स्वतःच चपापली. तेहतीस वर्षांच्या नोकरीत साहेबांशी ती या आवाजात कधी बोलली नव्हती. पण सरांना राग आलेला दिसला नाही. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि यज्ञेशकडे हात पुढे करून एक चिप मागितली.

शनिवारी दुपारी गाळ्यात फिल्म दाखवायच्या होत्या. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या, पडदा लावला, शटर अर्धं खाली ओढून अंधार केला. दशरथ इस्त्रीच्या शर्टात आला, कुंदा जरीकाठी साडीत, बरोबर शेजारचा मिथुन, जो रंगाबद्दल साशंक होता. “केवढी गो गर्दी,” कुंदा म्हणाली. गर्दी मुख्यतः त्यांचीच होती. ते तिसऱ्या रांगेत बसले आणि अनुपमा मुद्दाम त्यांच्या मागे भिंतीला लागून उभी राहिली. तिला पडदा बघायचा नव्हता, तो तिला तोंडपाठ होता. तिला दशरथची मान बघायची होती. श्यामसुंदर कडेच्या खुर्चीत, हाताची घडी घालून, हप्ता चुकवलेल्या माणसासारखा गंभीर.

तिच्या आधी दोन फिल्म झाल्या, दोन्हींत पाऊस आणि सिगरेट होती. मग तिची सुरू झाली. पडद्यावर हिरवी भिंत आली आणि खुर्चीतला दशरथ ताठ झाला. अगदी तसाच, जसा पडद्यावरचा. अनुपमाला वाटलं, आपण चुकलो. त्याला वाटेल ताईने जुनंच घेतलं, रजा फुकट गेली, मिथुनसमोर शोभा झाली. कुंदाने मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. मिथुन भिंतीचे पापुद्रे निरखून बघत होता, आणि ते जास्त वाईट होतं. पडद्यावरचा दशरथ सरकला, कान खाजवला. “बाबा एकदा माझ्या साइटवर आलेले,” तो म्हणाला.

आणि भिंत जर्दाळू झाली. गाळ्यात कुणीतरी ‘ओह’ म्हणालं. दशरथ सावकाश खुर्चीत मागे टेकला. एक हात त्याने कुंदाच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला. “बघ,” तो मिथुनला म्हणाला, आणि हळू म्हणायचा प्रयत्नही केला नाही, “फोटोत येत नाय म्हणत होतास.” मिथुन म्हणाला, “मस्तच आलाय रे. पडद्यामुळे असेल.” “पडदा गेला खड्ड्यात. प्रायमर मारलाय.” पुढच्या रांगेतली एक मुलगी मागे वळली. दशरथला वाटलं तिला गोष्टीत रस आहे. तो तिच्याकडे झुकून सांगू लागला, “आता बघ हां, आता बाबा लिफ्ट बघून काय म्हणतात बघ.” पडद्यावरच्या गोष्टीत लिफ्टचं दार उघडायची वेळ आली, आणि खुर्चीतला दशरथ आधीच म्हणाला, “बाबा, आलात काय?” मग पडद्यावरचा म्हणाला. पुन्हा पुढचा मजला. पुन्हा खुर्चीतला आधी, पडद्यावरचा मागून. आता कुंदाही हसत होती, मिथुनही, ती पुढची मुलगीसुद्धा. दाराशी उभे असलेले सौरभ सर कपाळाला आठी घालून दशरथच्या दिशेने निघाले, तोंडाशी बोट नेत. अनुपमाने त्यांचा हात धरला. सर थांबले.

खुर्चीतल्या दशरथचा आवाज चित्राच्या अर्धा शब्द पुढे चालला होता. तिने तो तसाच राहू दिला.